फुटण्यासाठी लावलेली काच

कुणाच्या घरी गेलं की माणसं दार वाजवतात; वैद्यबुवा भिंत वाजवतात. ही तक्रार त्यांच्या बायकोची, आणि ती खोटी आहे असं म्हणायला वैद्यबुवांचीही जीभ रेटत नाही. कुणाच्या नव्या सोफ्याचं कौतुक करायला गेलेले असोत की आजाऱ्याची विचारपूस करायला, बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात मागं जातो, बोटाचं पेर भिंतीला लागतं आणि टक् टक् सुरू होतं. घरची माणसं चहा घेऊन येतात तेव्हा हे गृहस्थ कान भिंतीला लावून, डोळे मिटून बसलेले. "काही नाही, काही नाही," ते घाईनं सावरून घेतात, "चांगली आहे. अजून शंभर वर्षं काढेल." आतल्या खोलीत आजारी सासूबाई झोपलेल्या असतात. सुनेचा चेहरा पडतो.

वैद्यबुवा खरे वैद्य नव्हेत, आडनावही ते नाही. जुन्या दगडी इमारतींची दुखणी शोधायची आणि त्यांवर उपाय सांगायचा, हा त्यांचा धंदा. इंजिनियरची पदवी त्यांच्याकडे आहे. ती बैठकीच्या खोलीत जराशी तिरकी टांगलेली असते. बायकोनं पुष्कळ वर्षांपूर्वी "वैद्यबुवा, आपल्या न्हाणीघराच्या भिंतीचं औषध कधी करणार?" असं विचारलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. न्हाणीघराची भिंत अजून तशीच आहे. "ती निवांत आहे," असं ते सांगतात.

जुनी दगडी भिंत म्हणजे एक भिंत नसतेच, हे ते समोर येईल त्याला समजावून सांगतात. समोरचा बसमध्ये उभा असला तरी. एक भिंत बाहेरून, एक आतून, आणि मधे चुन्यात कालवलेली दगडगोट्यांची भर. दोन भावांनी एकाच घरात राहावं आणि मधल्या खोलीत अडगळ भरून ठेवावी, तसं. या दोघांना धरून ठेवायला जागोजाग एकेक लांब दगड घालायचा असतो, ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार. जुन्या कारागिरांपैकी कुणी तिथं आळस केला असेल, तर पुढं कधीतरी भाऊ वेगळे निघू लागतात. बाहेरचा बाहेर सरकतो आणि भिंतीला पोट सुटतं. "माणसाला पोट सुटलं तर चालतं," असं म्हणताना वैद्यबुवांचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर जातो, "भिंतीला चालत नाही."

तडा दिसला की लोक घाबरतात. वैद्यबुवा तड्याला घाबरत नाहीत. ते आधी त्याची जात विचारतात. काही तडे थांबलेले असतात, म्हणजे जुन्या भांडणाचा नुसता व्रण. काही चालू असतात, म्हणजे भांडण अजून मिटलेलं नाही. कुठला कोणता हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ते तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी लावतात. दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांत घट्ट बसवायची आणि वाट पाहायची. भिंत केसभर सरकली तरी काच ताणून घेत नाही, वाकत नाही. सरळ फुटते. या पट्ट्या ते कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडून घेतात. तो त्या करकचून कापतो आणि कडा तशाच सोडतो, त्यामुळे वैद्यबुवांच्या बोटांना बारमाही चिकटपट्ट्या. "काच कधी खोटं बोलत नाही," असं बोट चोखत ते म्हणत. म्हणत, असं लिहिलं, कारण आता म्हणत नाहीत.

ते असं झालं.

वैद्यबुवांना एक आत्या होती, म्हणजे आहे. तसबिरी मढवून देणाऱ्या आत्या म्हणून सगळी गल्ली तिला ओळखते. एका जुन्या दगडी इमारतीत खाली तिचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. इमारत एका संस्थेची. बाकीच्या खोल्यांत संस्थेची मोडकी बाकं आणि कपाटं पडलेली. राहणारी अशी एकटी आत्याच. वैद्यबुवांची आई ते लहान असताना गेली, वडील जहाजावर नोकरीला. पोर आत्यानं सांभाळलं. दुकानातल्या काचांपासून त्याला लांब ठेवायला तिनं त्याच्या हातात एक लाकडी चमचा दिला, आणि त्यानं तो दिसेल त्या भिंतीवर आपटला. "ठोक्या" हे नाव तेव्हापासूनचं. केस पांढरे झाले, पोट सुटलं, लोक "साहेब" म्हणू लागले. आत्यानं नाव बदललं नाही.

आत्या अंगानं बारीक, ताठ, चष्म्याला दोरी, आणि एप्रनच्या खिशात काच कापायची हिरकणी. कुणीही भेटलं की ती त्याच्या तोंडाकडे एक क्षण टक लावून बघायची. "याला काळी चौकट बरी दिसेल," ती नंतर म्हणायची. डॉक्टरकडे गेली तर तपासून घ्यायच्या आधी तिथल्या तसबिरी सरळ करायची. वाकडं काही तिला सोसायचं नाही, आणि कापलेल्या काचेची कड घासल्याशिवाय ती कुणाच्या हातात द्यायची नाही. "कड घासली नाही म्हणजे कामच केलं नाही," हा तिचा कायदा.

तर या इमारतीच्या मागच्या भिंतीला, आत्याच्या वरच्या खोलीत, छतापासून खिडकीपर्यंत तडा गेला. संस्थेचे सेक्रेटरी घाईतले गृहस्थ. वाईट नव्हेत, पण घाईतले. त्यांना इमारत पाडून नवी हवी होती, लिफ्टवाली, कारण त्यांचे गुडघे गेले होते. वैद्यबुवांनी एक वर्षाची मुदत मागितली. "आधी बघू तरी, तडा थांबलाय की चालू आहे. थांबला असेल तर दुरुस्ती करू, कुणालाही हलायला नको."

"आणि चालू असेल तर?"

"तर घर रिकामं करावं लागेल."

हे बोलणं खाली, जिन्याच्या तोंडाशी झालं. मग वैद्यबुवांनी वर जाऊन तड्यावर तीन पट्ट्या लावल्या. एक वर, एक मधे, एक खाली. आत्या पाठीमागं कमरेवर हात ठेवून उभी.

"किती घाणेरड्या कापल्यात रे या! कडा बघ, वस्तरा परवडला. दे इकडे, मी कापून देते."

"नको. राहणाऱ्याचा हात लागता कामा नये."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"नियम आहे, आत्या."

"कुणाचा?"

"माझा."

"अस्सं. शेंबूड पुसायला हाच हात चालत होता."

वैद्यबुवांनी शेंबडाच्या मुद्द्यावर वाद घातला नाही. तो मुद्दा ते आजवर कधीच जिंकलेले नव्हते.

वर्ष सरलं. पाऊस येऊन गेला, थंडी येऊन गेली. वैद्यबुवा अधूनमधून चक्कर टाकत. वर जायचं, पट्ट्या बघायच्या, तिन्ही धडधाकट. खाली यायचं, चहा प्यायचा, आत्याची बोलणी खायची, घरी यायचं. संस्थेच्या बैठकीत त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, "भिंत झोपली आहे." ठरलं की तडा बुजवायचा आणि भिंतीच्या पोटातली पोकळी पंपानं चुन्याचं पातळ पाणी दाबून भरून काढायची. सेक्रेटरींनी सुस्कारा टाकला. लिफ्ट लांबली.

हे पंपाचं काम सोपं दिसतं. पण ते फक्त थांबलेल्या भिंतीचं काम. बाहेरची बाजू आधीच सुटून निघाली असेल, तर आतून दाबलेला चुना तिला आणखी बाहेर ढकलतो. दार उघडंच आहे, आणि आपण आतून धक्का मारतोय. मग ती थांबत नाही.

कामाच्या दिवशी सकाळी मिस्त्री पंप घेऊन मागच्या अंगणात आला. हा मिस्त्री वैद्यबुवांचा जुना सोबती. दिवसाला मोजून थोडी वाक्यं बोलायची, अशी त्याची शिस्त. सेक्रेटरीही आले होते, काम सुरू झालेलं डोळ्यांनी बघायला. "पट्ट्या काढून घेतो, मग लाव," असं सांगून वैद्यबुवा वर गेले. खालची पट्टी उपटली. सवयीप्रमाणे बोट कापलं. मधली उपटली, पुन्हा कापलं. शिव्या घालत त्यांनी स्टुलावर चढून वरची उपटली.

बोट कापलं नाही.

त्यांनी पट्टी उजेडात धरली. कड गुळगुळीत. चारी बाजूंनी घासलेली, कोपरेसुद्धा मारलेले. त्यांनी भिंतीवर उरलेल्या गोळ्यात नख रोवलं. प्लास्टरमध्ये नख शिरत नाही. ते शिरलं. गोळा प्लास्टरचा नव्हताच, तसबिरीच्या पाठी काच बसवायला वापरतात ती लांबी होती. वरून बेताबेतानं चुना फासून पांढरी केलेली.

वैद्यबुवा स्टुलावर बसले. डोक्यात सगळं आपोआप जुळत गेलं. खालच्या दोन काचा मूळच्या. वरची बदललेली, म्हणजे वरची फुटलेली. खाली भिंत जागेवर, वर सरकलेली; म्हणजे बाहेरची बाजू माथ्याकडून ओणवी होत चाललीय. आणि खाली मिस्त्री पंपाची नळी जोडतोय.

"मिस्त्री!" त्यांनी खिडकीतून हाक मारली. आवाज चिरकला. "काही सुरू करू नकोस. नळीला हातसुद्धा लावू नकोस. आणि भिंतीखालून बाजूला हो."

मग ते पट्टी घेऊन दुकानात उतरले. आत्या एका लग्नाच्या फोटोला चौकट लावत होती. पट्टी बघून तिनं हातातला खिळा तोंडात धरला. हे तिचं जुनं. उत्तर द्यायचं नसलं की ती तोंडात खिळा धरते.

"आत्या."

"हं."

"खिळा काढ."

तिनं काढला.

"किती वेळा बदललीस?"

"एकदा." मग थोड्या वेळानं, "एकदा म्हणजे आधी एकदा. मग परत फुटली, तेव्हा परत. मग—"

"आत्या!"

"ओरडू नकोस. काच फुटली की बदलायची असते. मी जन्मभर दुसरं काय केलंय?"

"अगं, ती काच फुटण्यासाठीच लावली होती!"

"फुटण्यासाठी काच लावतात, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"मी सांगितलं होतं. तुझ्यासमोर सांगितलं."

आत्यानं फोटोतल्या नवरीकडे बघितलं. नवरी काही मदतीला आली नाही.

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. "आणि खाली सेक्रेटरीला काय सांगितलंस तेही ऐकलं होतं. जिन्यात होते मी. फुटली तर घर रिकामं." तिनं चष्मा काढून एप्रनला पुसला, तो स्वच्छच होता. "या वयात मी कुठं जाऊ रे ठोक्या? चार दिवस कुणाकडे पाहुणी म्हणून जाणं निराळं. मला वाटलं, एवढीशी तर काच. भिंत काही पडत नाहीये. तुझं काम अडायला नको, माझं घर जायला नको."

वैद्यबुवांना फार राग आला होता. तो कुठं टाकावा हे त्यांना कळेना. तिच्यावर टाकावा, तर समोर ही अशी बसलेली. आणि राग जरा खाली बसला तेव्हा त्याच्या तळाशी त्यांना दुसरंच काहीतरी दिसलं. कुठल्याही परक्याच्या घरात ते लाकडी हातोडीनं भिंत वाजवून बघतात, ओळंबा सोडतात, गच्चीवर चढतात, मोरीत डोकावतात. इथं गेल्या वर्षात त्यांनी काय केलं? काच बघितली आणि चहा प्यायले. एकदाही हातोडी पिशवीतून काढली नाही. दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून भिंत वाजवणाऱ्या माणसानं आपल्या आत्याच्या भिंतीला बोट लावलं नव्हतं. ती पोकळ वाजली असती तर? तेच. काच शाबूत असावी असं आत्याला जेवढं वाटत होतं, तेवढंच त्यांनाही वाटत होतं.

ते मागच्या अंगणात गेले. सेक्रेटरी घड्याळ बघत उभे.

"काम बंद ठेवायचं," वैद्यबुवा म्हणाले. "तडा चालू आहे."

"म्हणजे? बैठकीत तर म्हणालात भिंत झोपली आहे. आज जागी झाली?"

"भिंत जागीच होती. मी झोपलो होतो."

"अहो, पण तुमच्या काचा? काच खोटं बोलत नाही ना?"

"माझी चूक झाली. बघण्यात कसूर झाली. तसं लेखी देतो."

"त्याची काही चूक नाही." आत्या मागच्या दारात उभी होती, हातात तो फोटो अजून तसाच. "काच मी बदलली. फुटली की बदलत होते. त्याला माहीत नव्हतं."

 सेक्रेटरी मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "ऐकलंत?"

मिस्त्रीनं घासलेली पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. "काम चांगलं आहे," तो म्हणाला. त्याच्या दिवसाच्या वाक्यांतलं एक संपलं.

सेक्रेटरींना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. पण मुद्दा सोडला नाही. "वैद्यबुवा, तुमचं-आमचं बोलणं स्पष्ट होतं. तडा चालू निघाला तर घर रिकामं. मग आता पाडायचं ना?"

"रिकामं करायचं. पाडायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. भिंत का सरकतेय हे मला माहीत नाही. ते कळलं, आणि आतली बाजू अजून धड असली, तर ती वाचेल. आतलीही सुटली असेल, तर मी स्वतः पाडा म्हणून सही करीन."

हे शेवटचं वाक्य त्यांनी आत्याकडे न बघता म्हटलं.

मग त्यांनी दुखणेकऱ्याजवळ बसावं तसं आत्याला अंगणातल्या पायरीवर बसवलं. कधी फुटायची? सकाळी? संध्याकाळी? कुणी वर धावलं, जड सामान हलवलं, की अशीच? आत्यानं आठवून आठवून सांगितलं. पावसात. पण पाऊस आल्या आल्या नाही. झड लागून राहिली की दोनतीन दिवसांनी, कधी तर ऊन पडल्यावर. टिच् असा आवाज यायचा. आयुष्य काचेत गेलेल्या बाईला तो झोपेतही कळायचा.

"दोनतीन दिवसांनी," वैद्यबुवा पुटपुटले, आणि शिडी मागवून गच्चीवर गेले. पोट सांभाळत गेले, पण गेले. गच्चीचं पाणी खाली नेणारा नळ या भिंतीतच चिणलेला होता, आणि गच्चीखाली हातभर अंतरावर तो सडून गेलेला. सगळं पाणी सरळ भिंतीच्या पोटात. तिथली भर भिजून धुऊन निघालेली, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. कारण मागे कधीतरी कुण्या कंत्राटदारानं बाहेरच्या दगडांमधल्या सांध्यांतला जुना चुना खरवडून तिथं पक्कं सिमेंट भरलं होतं. चुन्यातून भिंत हळूहळू वाळते. सिमेंटनं ते दार लावून टाकलं. अंगावर रेनकोट घालायचा आणि बादली कॉलरमधून आत ओतायची, त्यातला प्रकार. पाणी साठलं, भर फुगली, खचली, आणि प्रत्येक झडीनंतर बाहेरची बाजू थोडी आणखी ढकलली गेली.

दुपारपर्यंत मिस्त्रीनं भिंतीला बाहेरून लाकडाचे तिरके टेकू दिले. आता प्रश्न आत्याचा.

"मी नाही हलणार."

"भिंत हललीय, आत्या. तू पण हल."

"दुकानात झोपेन."

"दुकान याच भिंतीखाली आहे."

"तुझी बायको—"

"ती खोली आवरतेय. मी फोन केलाय. म्हणाली, आत्याबाईंना सांगा, इथं सगळ्या तसबिरी वाकड्या आहेत, लवकर या."

आत्या उठली. तिनं हिरकणी खिशात टाकली, लग्नाचा फोटो कागदात गुंडाळून बगलेत मारला, कारण तो गिऱ्हाईकाला द्यायचा होता, आणि निघाली. कुलूप लावताना तिनं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

वैद्यबुवांच्या घरी तिनं पहिल्याच आठवड्यात सगळ्या तसबिरी सरळ केल्या, पदवीसुद्धा. मग तिला करायला काही उरलं नाही. ती खिडकीशी बसून राहू लागली. वैद्यबुवांची बायको दुकानाच्या गप्पा काढायची, आत्या "हो, हो" म्हणायची. "पाहुणीसारखी वागते हो," बायको रात्री हळूच म्हणाली. "चहाचा कप विसळून ठेवते नि विचारते, कुठं ठेवू. जीव तुटतो." वैद्यबुवांचा हात मागं भिंतीकडे गेला आणि तसाच परत आला.

भिंत उघडायच्या दिवशी आत्या न बोलावता आली. वैद्यबुवांनी तिला अंगणाच्या पलीकडच्या टोकाला खुर्ची दिली. मिस्त्री बांबूच्या परांचीवर चढला, सिमेंटचे सांधे छिन्नीनं फोडले, आणि भिंतीच्या पोटाच्या ऐन फुगवट्यातला एक दगड दोन्ही हातांनी ओढून काढला. दगडामागून भर वाहू लागली. पिठाची गोणी फाटावी तशी, सरसर, ओली, काळी. थांबेचना. थांबली तेव्हा मिस्त्रीनं भोकात हात घातला. खांद्यापर्यंत गेला.

आत्या खुर्चीवरून उठली, पुढं आली आणि ते भोक बघत राहिली. या पोकळीच्या पलीकडे, अगदी लागून, तिचा पलंग होता.

"याच्यावर मी काच लावत होते," ती म्हणाली.

आता सगळं आतल्या बाजूवर होतं. वैद्यबुवांनी पिशवीतून लाकडी हातोडी काढली. पोकळीतून हात घालून आतल्या भिंतीच्या पाठीवर पहिला ठोका मारला, आणि कान लावला. सेक्रेटरींचा फोन वाजू लागला, तो त्यांनी बंद केला. ठोका मारायचा, ऐकायचं, वीतभर सरकायचं. एका जागी "भद्द" वाजलं आणि वैद्यबुवांचे डोळे मिटले गेले. पुन्हा मारला. एकच दगड सैल होता. त्याच्या वरचा वाजला ठण्ण. खालचा ठण्ण. शेजारचेही.

ते परांचीवरून खाली उतरले. चेहऱ्यावर चुना, कानात माती.

"आतली उभी आहे," ते सेक्रेटरींना म्हणाले. "वाचेल. पण पंपबिंप नाही. फुगलेला भाग उतरवायचा, परत रचायचा, चुन्यातच. आणि आरपार दगड घालायचे, जे मुळात घातलेच नव्हते."

"आणि लिफ्ट?" सेक्रेटरींनी केविलवाणं विचारलं.

"तुमच्या गुडघ्यांना मी काही वाजवू शकत नाही."

काम सावकाश चाललं. चुन्याला घाई चालत नाही. सेक्रेटरींना हे नव्यानं शिकावं लागलं. नळ भिंतीतून काढून बाहेरून नेला. टेकूंच्या आधारानं दगड एकेक करून उतरवले, मिस्त्रीनं खडूनं खुणा केल्या, आणि खालून वर पुन्हा रचत आणले. आत्या रोज येऊ लागली. सुरुवातीला खुर्चीवर, मग परांचीच्या पायाशी, मग मिस्त्रीच्या मागंमागं. मिस्त्रीची वाक्यं संपली तरी तिची चालू असायची. "हा दगड जरा डावीकडे." मिस्त्री बघायचा, आणि वीतभर ओठ पुढं काढून दगड डावीकडे घ्यायचा.

शेवटचा आरपार दगड तिच्या खोलीत निघायचा होता. लांबच लांब, चारी अंगांनी घडवलेला. आतल्या भिंतीत त्याच्या तोंडापुरतं भोक तयार ठेवलेलं. तो बाहेरून सरकवत न्यायचा आणि त्याचं डोकं आतल्या भिंतीच्या पातळीत आलं की थांबवायचा. कमी सरकला तर पकड नाही, जास्त सरकला तर सांधा फुटेल. बाहेर परांचीवर असलेल्या माणसाला आतलं दिसत नाही. आत कुणीतरी उभं राहून सांगायला हवं.

"मी सांगते," आत्या म्हणाली.

मिस्त्रीनं वैद्यबुवांकडे बघितलं. सेक्रेटरींनीही बघितलं, आणि त्यांनी भुवया थोड्या जास्तच उंचावल्या. संस्थेचा शिपाई मोकळाच उभा होता. त्याला पाठवता आलं असतं.

"जा," वैद्यबुवा आत्याला म्हणाले.

ती जिना चढून गेली. मिस्त्रीनं पहार लावली. दगड घसरत आत शिरला.

"आला का?" वैद्यबुवांनी ओरडून विचारलं.

"नाही!" भिंतीतून आवाज आला.

पहार. दगड थोडा सरकला.

"आता?"

"अजून नाही! काळोख दिसतोय नुसता."

पुन्हा पहार.

"आत्या?"

"थांब रे, हात लावून बघतेय. अजून बोटभर... अर्धं बोट... बस! बस! आला!"

मिस्त्रीनं पहार काढली. वैद्यबुवांनी थापीवर चुना घेतला. सांधा भरून टाकायचा, संपलं. सेक्रेटरी टाळी वाजवायच्या बेतात होते. तेवढ्यात भिंतीतून परत आवाज आला, मघापेक्षा हळू.

"ठोक्या... पातळीत आलाय. पण थोडा तिरका बसलाय. खालच्या अंगाला बोट शिरतंय."

"किती तिरका?"

"बाहेरून कुणाला कळणार नाही. मला कळतंय."

सूर्य कलला होता. दगड परत ओढायचा म्हणजे उद्याचा दिवस, आणि आत्याचा मुक्काम आणखी एक दिवस परक्या खिडकीशी. तिलाही ते माहीत होतं. खात्री करायला वैद्यबुवा जिन्याकडे वळले नाहीत. त्यांनी थापीवरचा चुना घमेल्यात परत टाकला.

"मिस्त्री, काढ," ते म्हणाले. "तिरका आहे. उद्या परत बसवू."